चंदीगडमध्ये दोन-तीन वर्षे उभी असलेली सेकंडहँड मोटारसायकल नवशिक्यासाठी कशी तयार करावी?

बंद गाडीला लगेच किक मारणे ही सर्वांत महागडी चूक. आधी टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढावे. इथेनॉल ओलावा शोषते, टाकी आतून गंजते आणि कार्बुरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट थर बसतो. म्हणून कार्बुरेटर उघडून साफ करणे अटळ. प्लग काढून सिलिंडरमध्ये इंजिन ऑइलचे चार-पाच थेंब सोडावेत, किक हाताने हळूच दाबावी. ऑइल आणि एअर फिल्टर नवे घालावेत. बॅटरी बहुधा बदलावीच लागते.

चंदीगडचे सरळ, रुंद रस्ते वेगाचा मोह घालतात आणि चौकांत वर्तुळ येताच एकदम वेग उतरवावा लागतो. त्यामुळे ब्रेक आणि टायर यांत काटकसर नको. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत: २३१८ म्हणजे २०१८ चा २३वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतके जुने रबर कडक होऊन घसरते. डिस्क ब्रेकचे ऑइल, केबल आणि चेनही तपासावी.

मालकी बदलायला फॉर्म २९ व ३० लागतात. गाडी १५ वर्षांची झाली असल्यास नोंदणीचे नूतनीकरण आणि विमा आधी.