तारखेला कोणी हजर नव्हतं, अपील डिसमिस झालं. आता पुढे काय?

मैत्रिणींनो, समजा एका ताईने माहेरच्या जमिनीतल्या हिश्श्यासाठी दावा केला. खालच्या कोर्टात ती हरली, म्हणून जिल्हा न्यायालयात अपील केलं. तारखेच्या दिवशी ती दवाखान्यात भरती होती आणि वकीलही आले नाहीत. पुकारा झाला, कोणी उभं राहिलं नाही आणि अपील गैरहजेरीमुळे डिसमिस झालं. घरचे म्हणतात, "संपलं आता सगळं." खरंच संपतं का?

नाही. तिचा हिस्सा आहे की नाही, हे वरच्या कोर्टाने अजून तपासलेलंच नाही. पण ती गप्प बसली, तर खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहतो.

कायदा काय सांगतो?
दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ४१, नियम १९ प्रमाणे अपील पुन्हा दाखल करून घ्या, असा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. गैरहजेरीला पुरेसं कारण होतं, हे पटवून द्यावं लागतं. कोर्ट खर्च भरायची अट घालू शकतं.

मुदत किती?
३० दिवस. हे दिवस अपील डिसमिस झाल्याच्या तारखेपासून मोजतात, आपल्याला कळलं त्या दिवसापासून नाही. उशीर झालाच, तर सोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा आणि उशिराचं कारण लिहावं.

काय करायचं?
१. डिसमिसच्या आदेशाच्या नकलेसाठी लगेच अर्ज करा.
२. कारणाचा पुरावा जमवा : दवाखान्याचे कागद, बंद रस्त्याची बातमी, जे खरं असेल ते.
३. अर्जासोबत शपथपत्र द्या. खोटं कारण लिहू नका.
४. खालच्या निकालाची अंमलबजावणी नुसत्या अर्जाने थांबत नाही. स्थगिती वेगळी मागा.
५. अर्ज नामंजूर झाला, तर त्या आदेशावरही अपील करता येतं.

वकील आले नाहीत म्हणून निर्दोष पक्षकाराचं नुकसान होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या एका निकालात म्हटलं आहे. तरी "वकील बघतील" म्हणून निर्धास्त राहू नका. केसचा सीएनआर नंबर वहीत लिहून ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर त्यावरून पुढची तारीख दिसते.

वकिलाची फी परवडत नाही? महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

हे नियम दिवाणी कोर्टातल्या अपिलाचे आहेत. तहसील किंवा प्रांत कार्यालयातल्या अपिलाची मुदत तिथेच विचारून घ्या.

बैठकीत चर्चा करा : आपल्या गटात कोणाची केस चालू आहे? पुढची तारीख तिला माहीत आहे का? त्या दिवशी सोबत कोण जाईल?