डोळे हलतात, आठवण निवळते

नेरूळहून पनवेलकडे निघालेल्या लोकलमध्ये खिडकीशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे तुम्ही कधी पाहिले आहे काय? गाडीने वेग घेतला, की त्याची बुबुळे एकेका खांबामागे सरकतात आणि झटक्यासरशी परत येतात. त्याला याचा पत्ताही नसतो. डोळ्यांच्या मुद्दाम करवलेल्या हालचालींनी मनाची जखम भरते, हे प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले होते.

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. अशा प्रसंगातून वाचलेल्या काहींच्या मनात तो प्रसंग संपतच नाही. दार आपटले, की तो धूर, त्या किंकाळ्या पुन्हा समोर!

१९८७ साली अमेरिकेत फ्रॅन्सिन शापिरो यांना बागेत फिरताना जाणवले, की नजर इकडून तिकडे हलताना त्रासदायक विचारांची धार बोथट होते. १९८९ मध्ये त्यांनी त्यावरून केलेला उपचार प्रसिद्ध केला. पुढे तो ‘ईएमडीआर’ म्हणून ओळखला गेला. रुग्ण त्या प्रसंगातले दृश्य मनात धरतो आणि त्याच वेळी तज्ज्ञाच्या हलत्या बोटांचा नजरेने पाठलाग करतो. थोड्या वेळाने थांबून काय जाणवले ते सांगतो. मग पुन्हा तेच.

असे का व्हावे? २५ सेंटिमीटर लांबीचा लंबक करा. त्याचा दोलनकाल जवळजवळ एक सेकंद येतो. सूत्रावरून पडताळून पाहा. आता सहलीतला एखादा आनंदाचा देखावा मनात आणा आणि मान न हलवता गोळ्यावर नजर ठेवा. देखावा पुसट होतो ना? मनाचे काम करण्याचे टेबल लहान असते. चित्र आणि पाठलाग दोन्ही त्यावर मावत नाहीत. फिकट झालेली आठवण तशीच फिकट परत साठवली जात असावी, असा एक तर्क आहे.

पण उलटे आकडे मोजले तरी चित्र फिकट होतेच! म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात, की गुण डोळ्यांचा नव्हे, सुरक्षित जागी आठवणीला सामोरे जाण्याचा. उलट २०१९ मध्ये कोरियातील संशोधकांना डावी-उजवीकडे सरकणाऱ्या प्रकाशाने उंदरांची भीती कमी झालेली आढळली. प्रयोग सुंदर आहे. मात्र उंदराला काय आठवते, हे तो सांगत नाही. वाद चालू असला तरी उपचाराचा गुण येतो, म्हणून २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

लंबकाचा प्रयोग भीषण आठवणीवर मात्र करू नका, मित्रावरही नको. पहिल्या बैठकांत तज्ज्ञसुद्धा बोट हलवीत नाहीत. रुग्णाला आधी मन शांत करायला शिकवतात.