मंदीतली जुनी वस्तू आणि थांबण्याची ऐपत

(मामाने हयातभर जुन्या वस्तूंची पारख केली, लिलावांसाठी त्यांच्या किमती ठरवल्या. भाची नोकरी करते. तिच्याजवळ थोडी शिल्लक आहे आणि बाजार पडल्यापासून ती कुठे ठेवावी याचा तिला घोर लागला आहे.)

भाची : मामा, आमच्या ऑफिसातल्या एकाची नोकरी गेली. त्यांच्या वाईच्या वाड्यातला कोरीव शिसवी देव्हारा तो विकायला काढतोय. स्वस्तात मिळेल म्हणतात. शेअर पडतात, पण जुन्या वस्तू कधी पडत नाहीत, असं सगळे सांगतात. खरं का ते?

मामा : पडत नाहीत हे खरं नाही. इंग्लंडमधलं जुनं महोगनीचं फर्निचर बघ. जड टेबलं, कपाटं, एकेकाळी त्यांना केवढा मान होता! गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांचे भाव कोसळले, आणि त्याला मंदीच कारण होती असं नाही. घरं लहान झाली, लोकांची आवड बदलली. लाकूड तेच, कारागिरी तीच, फक्त घेणारा उरला नाही. आपल्याकडेही वाड्यातला ऐसपैस पलंग दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोण नेणार?

भाची : मग मंदीत जुन्या वस्तू घ्याव्यात, ही समजूत आली कुठून?

मामा : तिला आधार आहे. १९७३ च्या शेवटी तेलाचे भाव भडकले आणि ब्रिटनमध्ये मंदी आणि महागाई एकदमच आली. १९७५ साली महागाई २४ टक्क्यांच्या घरात होती. शेअर बाजार ढासळला होता, रोख्यांवरचं व्याज महागाई खाऊन टाकत होती. तेव्हा ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शन फंडाने ठरवलं, की थोडा पैसा कलावस्तू आणि पुरातन वस्तूंत घालायचा.

भाची : रेल्वे कामगारांच्या पेन्शनचा पैसा? चित्रांत आणि भांड्यांत?

मामा : हो, आणि त्यावरून टीकाही झाली. १९७४ पासून पुढच्या काही वर्षांत त्यांनी जवळपास ४ कोटी पौंडांच्या सुमारे २,४०० वस्तू घेतल्या. चिनी मातीकाम, जुनी हस्तलिखितं, चांदीची भांडी, चित्रं, फर्निचर. सल्ला सदबीज या लिलावगृहाचा होता. पण मुख्य गोष्ट ऐक. हा सगळा पैसा फंडाच्या ३ टक्क्यांपेक्षा कमी होता. बाकीचा पैसा आपल्या नेहमीच्या जागी होता.

भाची : आणि फायदा?

मामा : १९८७ पासून त्यांनी विकायला सुरुवात केली. रेन्वारचं ‘ला प्रोमनाद’ हे चित्र १९७६ साली ६ लाख ८० हजार पौंडांना घेतलं होतं, ते १९८९ मध्ये १ कोटी पौंडांच्या वर गेलं. आज ते अमेरिकेत गेटी संग्रहालयात आहे. सगळा हिशोब झाला तेव्हा परतावा वर्षाला साधारण ११ टक्के पडला. महागाई वजा केली तर ४ टक्क्यांच्या आसपास.

भाची : म्हणजे बरा, पण डोळे दिपवणारा नाही.

मामा : बरोबर. त्याच काळात शेअर बाजाराने यापेक्षा जास्त दिलं. शिवाय कमाईचा मोठा वाटा मोजक्या चित्रांनी आणि चिनी वस्तूंनी आणला. बऱ्याच वस्तूंनी जेमतेम महागाई भरून काढली. १९८९ मध्ये जपानी ग्राहक वाटेल ती किंमत मोजत होते. दोन वर्षांत तो ओघ आटला आणि त्या चित्रांचे भाव खाली आले. फंडाला वेळ साधता आली, कारण त्यांना घाई नव्हती. कोणत्या वर्षी विकायचं हे त्यांच्या हातात होतं.

भाची : मग २००८ च्या मंदीत काय झालं?

मामा : सहा महिन्यांतले दोन प्रसंग सांगतो. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच दिवशी लंडनमध्ये डेमियन हर्स्ट या कलाकाराच्या कोऱ्या कलाकृतींचा लिलाव सुरू झाला आणि दोन दिवसांत ११ कोटी पौंड जमले. पुढच्याच वर्षी त्याच्या बऱ्याच कामांना पडलेल्या भावातही गिऱ्हाईक मिळेना. आता दुसरा. फेब्रुवारी २००९, मंदी ऐन भरात. पॅरिसमध्ये क्रिस्टीजने इव्ह सँ लोराँ या फॅशन डिझायनरचा संग्रह लिलावाला काढला. तीन दिवसांत ३७ कोटी युरोंच्या वर विक्री झाली. आयलीन ग्रेने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घडवलेली एक खुर्ची एकटीच २ कोटी १९ लाख युरोंना गेली.

भाची : एवढा फरक का?

मामा : पॅरिसच्या वस्तू दुर्मिळ होत्या, पुन्हा बाजारात कधी येतील याचा भरवसा नव्हता, आणि त्या कोणाकडून कोणाकडे आल्या याचे कागद होते. याला लिलावाच्या धंद्यात प्रॉव्हनन्स म्हणतात, म्हणजे वस्तूच्या मालकीचा इतिहास. मंदीत मधल्या दर्जाची वस्तू सगळ्यात आधी मार खाते. अव्वल वस्तू तग धरते, पण तीही प्रत्येक वेळी उसळी मारतेच असं नाही. बडोद्याचा मोत्यांचा गालिचा घे. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला, लाखो बसरा मोती, वर हिरे, माणकं, पाचू. जगात त्याला जोड नाही. मार्च २००९ मध्ये दोह्याला लिलाव झाला. बोली ५० लाख डॉलरच्या पुढे जावी अशी अपेक्षा होती, तो साधारण ५५ लाखांना गेला. विकला गेला, पण कमीतकमी अपेक्षेच्या जवळच थांबला. चांगल्या दिवसांत काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो.

भाची : म्हणजे ज्याला मंदीत विकावं लागतं तो मार खातो आणि घेणारा फायद्यात.

मामा : घेणाराही थांबू शकला तरच. आता हिशोब मांड. लिलावात हातोडा १ लाखावर पडला. त्यावर लिलावगृहाचं कमिशन, बायर्स प्रीमियम, २० टक्के धर. तुला वस्तू पडली १ लाख २० हजारांना, कर वेगळाच. उद्या तीच वस्तू त्याच १ लाखाला विकलीस, तर विकणाऱ्याचं १० टक्के कमिशन जाऊन तुझ्या हाती ९० हजार. भाव जिथल्या तिथे असूनही ३० हजार गेले. तुझे पैसे नुसते परत यायला भाव ३३ टक्के चढावा लागतो. मधल्या काळात व्याज नाही, लाभांश नाही. उलट वाळवी, दमट हवा, विमा आणि ठेवायची जागा, सगळा खर्च तुझाच.

भाची : सोन्याचं तसं नाही.

मामा : मुळीच नाही. सोन्याचा एक तोळा दुसऱ्यासारखाच, सराफाकडे जा, आजचा भाव घे, मोकळी हो. देव्हाऱ्याला रोजचा भाव नसतो. तो हवा असलेला माणूस भेटेपर्यंत थांबावं लागतं आणि मंदीत असा माणूस दुर्मिळ होतो. २००६ साली आपल्याकडे एक कला-फंड निघाला होता. गुंतवणूकदारांचे १०० कोटींहून जास्त रुपये, मुदत तीन वर्षांची. मुदत संपली २००९ मध्ये, ऐन मंदीत. चित्रं होती, पण त्या भावात विकत कोण घेणार? पैसे वेळेवर परत मिळाले नाहीत आणि २०१३ मध्ये बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला परतफेडीचा आदेश द्यावा लागला. ब्रिटिश रेल्वेच्या फंडानेही कलाच घेतली होती. पण त्यांच्यापाशी पंधरा-वीस वर्षं होती, यांच्यापाशी तीन.

भाची : बरं, कायद्याचं काय? सहकारी म्हणतो, देव्हारा पणजोबांच्याही आधीचा आहे.

मामा : मग नीट बघायला हवं. आपल्याकडे पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ चा आहे, तो १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची. दगड, धातू, लाकूड यांतली शिल्पं, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद लागते आणि नोंदलेली वस्तू हस्तांतरित झाली की तेही कळवावं लागतं. देव्हाऱ्यावर मूर्तिकाम असेल तर घ्यायच्या आधी त्या अधिकाऱ्याला विचार. धंदा म्हणून विकायला परवाना लागतो. आणि पुरावस्तू परदेशात नेऊन विकायची खाजगी माणसाला मुभा नाही. म्हणून लंडन-न्यूयॉर्कचे आकडे वाचून इथल्या वस्तूची किंमत मनात धरू नकोस. तुझा ग्राहक देशातलाच.

भाची : हे बंधन तुला जाचक वाटत नाही?

मामा : नाही. देवळांतल्या मूर्ती चोरून किती बाहेर गेल्या, हे पाहिलेला माणूस या कायद्याला नावं ठेवणार नाही. मूळ ठिकाण सांगता येत नाही अशी मूर्ती कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नकोस. हस्तिदंताचंही तेच, त्याच्या व्यापारावर बंदी आहे.

भाची : आणि नकली वस्तू?

मामा : मंदीत त्यांचा सुळसुळाट होतो, कारण स्वस्ताच्या शोधात नवखे लोक बाजारात उतरतात. पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन बघितलेस ना? त्यांतले पुष्कळसे सुटे भाग जोडून आजच तयार केलेले असतात, वर जुन्या कंपनीचं चित्र चिकटवतात. जुन्या एचएमटीला रंगीबेरंगी नवी डायल बसवून विकतात, संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. समईला रसायनाने काळपटपणा आणता येतो. पण हात लागून लागून झालेली झीज ठरावीक जागी असते. देव्हाऱ्याची चौकट जिथे रोज हात टेकतो तिथे गुळगुळीत हवी. मागच्या फळीवर जुन्या अवजारांच्या खुणा हव्यात. मागची बाजू आणि तळ न बघता कधी पैसे देऊ नकोस.

भाची : हे सगळं शिकायचं कुठे?

मामा : संग्रहालयात. पुण्यात केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपं, दारं अशा घराघरांतल्या रोजच्या वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला दिला. अस्सल वस्तू डोळ्यांत मुरली की नकली आपोआप खटकते. एकच प्रकार निवड. नाणी म्हण, समया म्हण, लाकूडकाम म्हण. त्यातलं खोलवर शीक.

भाची : आता सरळ सांग. देव्हारा घेऊ का?

मामा : आधी वर्षभराचा घरखर्च बँकेत बाजूला आहे का? नोकरी गेली तरी देव्हारा विकावा लागणार नाही, इतका? तो असेल तर पुढचं बोलू. नसेल तर उद्या तूच त्या सहकाऱ्याच्या जागी असशील.

भाची : तेवढा आहे. मी एकूण शिलकीतला छोटासा भागच यात घालणार होते.

मामा : मग जाऊन बघ, जाणकाराला सोबत ने, नोंदणीची चौकशी कर. आवडला आणि दहा वर्षं घरात ठेवायची तयारी असली तर घे. फक्त एक कर. त्याची अडचण आहे म्हणून भाव पाडू नकोस. दोघांनी मिळून तिऱ्हाईताकडून किंमत काढून घ्या आणि ती दे. मग त्याच्याजवळ बस. देव्हारा कोणी करवला, वाड्यात कुठे होता, कोणत्या देवांचा, जुना फोटो आहे का, सगळं लिहून घे, खाली त्याची सही घे, पावतीला जोड. अडवून घेतलेल्या वस्तूची हकीकत कोणी मनापासून सांगत नाही. रास्त भाव मिळालेला माणूस सांगतो. आणि पुढे कधी विकायची वेळ आलीच, तर शिसवाइतकीच किंमत त्या कागदाला असेल.

भाची : आणि पुढे त्यांचे दिवस फिरले, त्यांना देव्हारा परत हवासा वाटला तर?

मामा : तर पहिला ग्राहक तोच. हेही त्याच कागदावर लिहून ठेव.