पडक्या घराच्या मालकाकडे जाताना

लालबाग-परळच्या गल्ल्यांतून कापडाचे तागे पोचवता पोचवता आम्ही कितीतरी पडकी घरे पाहिली. छपरावर पिंपळ उगवलेला, दाराला गंजलेले कुलूप. आपल्या कारागीर बांधवांच्या मनात लगेच येते, ही जागा मिळाली तर खाली गोदाम, वर शिलाईचा कारखाना! पण बोलायचे कोणाशी?

शेजारचा पानवाला ज्याला शेठ म्हणतो, तो पुष्कळदा नुसता भाडे गोळा करणारा असतो. म्हणून आधी मिळकत पत्रिका काढावी. त्यासाठी सी.एस. नंबर आणि विभाग लागतो, जसे गिरगाव, दादर-नायगाव, परळ-शिवडी. पत्रिकेवर अनेकदा वारलेल्या आजोबांचेच नाव निघते. मग वारस शोधणे आले. मिळकत वक्फची निघाली तर तिथेच थांबावे. २०१३ च्या दुरुस्तीनंतर अशी विक्री कायद्याने रद्दबातल आहे. सार्वजनिक ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

रिकामे दिसले म्हणून घर मोकळे समजू नये. इमारत पडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आहे. पागडीवाले कोण, कुठे राहायला गेले, याची चौकशी मालकाला भेटण्याआधीच करावी.

पहिले पत्र साधे असावे. आपण कोण, दुकान कुठे, जागा कशासाठी हवी, एवढेच. रक्कम लिहू नये. दलालालाही पुढे करू नये. दलाल दिसला की भाव चढतो आणि मालक आखडतो. भेटीत घराला "खंडर" म्हणू नका. तुम्हाला तो ढिगारा दिसतो, पण त्याची आई त्याच घरात वारलेली असते. त्याला बोलू द्या, चहा नाकारू नका, आणि घरात आणखी कोणाचा हिस्सा आहे हे अदबीने विचारा.

हे शेवटचे आम्ही विचारले नव्हते. परळच्या एका घरासाठी दोन भावांशी सौदा ठरवून आम्ही बयाना दिला. वकिलाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, तेव्हा मालेगावहून त्यांच्या बहिणीचे पत्र आले की माझ्या सहीशिवाय विक्री कशी? तिचे खरेच होते. शरीयतच्या वाटणीत भावाच्या निम्मा का होईना, बहिणीचा हिस्सा ठरलेला असतो, आणि आम्हाला हे लहानपणापासून ठाऊक होते! बयाना परत मिळायला दोन वर्षे गेली.

पुढे आम्ही स्वतः मालेगावला गेलो. बाई म्हणाल्या, "भाईसाब, आधी आला असता तर सही केलीच असती. मला कोणी विचारलेच नाही." त्यांनी सही द्यायचे कबूल केले, पण तोवर धाकटा भाऊ फिरला होता. ते घर अजून तसेच उभे आहे.