जुन्या दाराची कड कशी जुळवावी?

आमच्या स्वयंपाकघरांतील सागवानी फडताळ आमच्या वडिलांनीं इ. स. १९७४ सालीं स्वतःच्या हातांनीं केलें. ते मिशनच्या सुतारशाळेंत शिकलेले कारागीर होते. त्यांचा रंधा, पटाशी व गुण्या अद्यापि आमच्या घरीं आहेत. फडताळाला सहा दारें. गेल्या पावसाळ्यांत भिंतीच्या ओलीमुळें वाळवी लागली आणि डावीकडील शेवटच्या दाराची चौकट तिनें आंतून इतकी पोखरली कीं, बोट लावतांच ती खचली. मधली फळी मात्र बचावली, व उरलेलीं पांच दारेंही धडधाकट निघालीं. सगळें फडताळच नव्या पद्धतीचें करून घ्यावें, असें घरांत एकदोघांनीं सुचविलें. आईनें तें साफ नाकारलें. "पांच दारें तुझ्या बाबांचीं आहेत, सहावें तूं कर," एवढेंच ती म्हणाली.

जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्या घरांत दोनच शिल्लक होत्या. एकीमध्यें एका दाराची चौकट निघाली असती. त्यांपैकीं पहिली आम्ही कशी फुकट घालविली व दुसरी कशी कारणीं लागली, ही हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

पूर्वीं दाराच्या कडेला वळण देण्यासाठीं सुतार वळणदार पात्याचा रंधा चालवीत. हल्लीं तेंच काम राउटर नांवाच्या विजेच्या यंत्रानें करितात. या यंत्रांत जें फिरतें पातें बसवितात त्यास 'बिट' म्हणतात. बिटाची जी आकृति, तिचा उलटा ठसा लांकडावर उमटतो. सबब जुन्या दाराशीं नवें दार जुळवावयाचें म्हणजे आधीं त्याच्या कडेला जुळणारें बिट शोधावयाचें. काम सोपें दिसतें. आम्हांसही तसेंच वाटलें. शेजारच्या दारावर पिनांचें माप दाबून आम्ही त्याची आकृति घेतली, ती कागदावर उतरविली, आणि दुकानांतील चित्रांच्या यादीशीं ताडून दोन सूत त्रिज्येच्या गोलाईचें बिट विकत आणलें. (आमचे सुतार इंचाचे आठ भाग करून एका भागास सूत म्हणतात, हें मुलांनीं लक्षांत ठेवावें.) टाकाऊ लांकडावर एकदां चालवून पाहण्याचाही धीर आम्हांस निघाला नाहीं. चारी पट्ट्या कापल्या, त्यांतील एक जुन्या दाराशेजारीं धरली, आणि चूक तत्काळ ध्यानांत आली. मापाचा फरक डोळ्यांना दिसत नव्हता. सांवलीचा दिसत होता. जुन्या दारावर गोलाईच्या मुळाशीं एक बारीक काळी रेघ पडत होती. आमच्या पट्टीवर तिच्या जागीं नुसती करड्या रंगाची पुसट छटा होती. कडेला वळण द्यावयाचें तें अशा सांवलीसाठींच, ही गोष्ट आम्ही विसरलों होतों.

यानंतर आम्ही दार पुन्हां पहिल्यापासून पाहिलें. अशा दाराला एक नव्हे, तीन कडा असतात : चौकटीची आंतली, चौकटीची बाहेरची, आणि मधल्या फळीची उतरती कड. तिन्हींस तीन निराळीं बिटें लागतात. गिऱ्हाईक बहुधा एकाच कडेचें चित्र घेऊन दुकानांत जातें. आमची मधली फळी शाबूत होती व बाहेरची कड सरळ होती, त्यामुळें प्रश्न केवळ आंतल्या कडेचा उरला. परंतु खरी गुंतागुंत तेथेंच असते. या कडेवर वळणाच्या जोडीला फळी अडकविण्याची खांचही असते. शिवाय आडव्या पट्टीचें टोंक उभ्या पट्टीच्या वळणावर नेमकें बसावें म्हणून त्या टोंकावर त्याच वळणाचा उलटा आकार कापावा लागतो. म्हणून हीं बिटें जोडीनें मिळतात, एक कडेसाठीं व दुसरें टोंकासाठीं. एका जोडींतील एक व दुसऱ्या जोडींतील दुसरें घेतल्यास सांधा कधींही मिटत नाहीं. बहुतेक जोड्या पाऊण इंच जाडीच्या लांकडासाठीं केलेल्या असून त्यांची खांच दोन सूत रुंद व तीन सूत खोल पडते. पट्टीच्या टोंकाचें कुसूही अर्थात् तेवढ्याच लांबीचें निघतें. वडील असते तर त्यांनीं त्यास कुसू म्हटलेंच नसतें! त्यांचें कुसू पट्टीच्या आरपार जाई. तथापि लहान दाराला चांगल्या सरसाच्या साहाय्यानें आंखूड कुसू पुरतें. जुन्या दाराचे कोपरे मात्र नीट पाहावे. सांध्याची तिरकी रेघ केवळ वळणापुरती असेल तर ही जोडी चालेल. ती पट्टीच्या सबंध रुंदींतून गेली असेल, तर तें दार निराळ्या रीतीनें जोडलेलें आहे असें समजावें.

आतां आमच्या चुकीचें मूळ. दर दोनतीन वर्षांनीं नाताळापूर्वीं त्या दारांना तैलरंग दिला जाई. रंगाचे थर फुगीर गोलाईवर चढले कीं तिची त्रिज्या वाढते, आणि आंतल्या कोपऱ्यांत सांचले कीं कोपरा बुजतो. आम्ही मोजलें तें लांकूड नव्हतें, पन्नास वर्षांचा रंग होता. मोडक्या दाराच्या वरच्या बिजागरीपाशीं चौकटीचा वीतभर भाग टणक राहिला होता. तो बारीक दातांच्या करवतीनें काटकोनांत कापला आणि त्यावरील रंग ओला करून खरवडून काढला. जुन्या तैलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासून धूळ उडवूं नये, व लहान मुलांना जवळ येऊं देऊं नये. मग लांकडाचा तो छेद शाईच्या गादीवर दाबून त्याचा ठसा आलेखाच्या कागदावर उमटविला. मोडकें दार हाताशीं नसेल, तर रंग काढलेल्या कडेवर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून वर घट्ट होणारी लांबी दाबावी. वाळल्यावर तिचा साचा मिळतो.

ठशाची आकृति आम्ही चौपट मोठी काढली. तींत वर पाव वर्तुळाची गोलाई व तिच्या मुळाशीं अर्ध्या सुताची पायरी स्पष्ट दिसली. काळी रेघ याच पायरीची. गोलाईची त्रिज्या काढण्यास दहावीच्या भूमितींतील, एकमेकींस छेदणाऱ्या जीवांचें प्रमेय कामीं आलें. कंसाच्या दोन टोंकांस जोडणारी जीवा २७ मिलिमीटर भरली, आणि तिच्या मध्यापासून कंसाची उंची ५.६ मिलिमीटर. अर्ध्या जीवेचा वर्ग १८२.२५, त्यास ५.६ नें भागून ३२.५४; त्यांत ५.६ मिळवून ३८.१४. हा झाला व्यास. त्याचें अर्ध १९.०७, व आकृति चौपट असल्यामुळें खरी त्रिज्या सुमारें ४.७७ मिलिमीटर. दीड सूत म्हणजे ४.७६ मिलिमीटर! वडिलांच्या रंध्याचें माप अशा रीतीनें कागदावर उतरलें, तेव्हां आमच्या चिरंजीवानें प्रथमच भूमितीविषयीं कांहीं आदर दाखविला.

दीड सुताची जोडी मिळाली, परंतु एका गोष्टीविषयीं सावध राहावें लागलें. बाजारांत इंचांचीं व मिलिमीटरचीं बिटें शेजारीं शेजारीं ठेवलेलीं असतात. अर्ध्या इंचाचा दांडा १२.७ मिलिमीटर जाड असतो. त्यासाठीं केलेल्या पकडींत १२ मिलिमीटरचा दांडा कितीही आवळला तरी खात्रीनें धरला जात नाहीं, आणि तो चालत्या यंत्रांतून सुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा समजावा. मधल्या फळीची कड उतरविणारीं मोठीं बिटें तर मंदच फिरवावीं. ९० मिलिमीटर व्यासाचें बिट मिनिटास २२,००० फेरे घेऊं लागलें, तर त्याची धार सेकंदास सुमारें १०४ मीटर, म्हणजे ताशीं ३७३ किलोमीटर वेगानें फिरते. तें १०,००० फेऱ्यांवरच ठेवतात, यंत्र मेजाखालीं पक्कें बसवितात, आणि लांकूड धारेच्या फिरण्याविरुद्ध दिशेनें सरकवितात. चष्मा नसेल तर यंत्राजवळ जाऊंच नये; विद्यार्थ्यांनीं तर शिक्षक जवळ नसतांना मुळींच नाहीं.

या वेळीं आम्ही खोक्याच्या देवदारी फळकुटांवर सात वेळां कापून पाहिलें. बिट वर चढविलें कीं पायरी खोल होते, पण खांचही तितकीच मागें सरकते. म्हणून दोन्ही बिटांची उंची एकमेकींस धरून बदलावी लागते. हें करतांना एक मौज कळली. पांच जुन्या दारांच्या पायऱ्याही एकसारख्या नव्हत्या! हातानें केलेलें काम तें. कोठें अर्ध्या सुतास कमी, कोठें किंचित् अधिक. मग जुळवावें तें कोणत्या दाराशीं? आम्ही लगतच्या दाराची पायरी धरली, कारण डोळा शेजाऱ्याशींच तुलना करतो. दुसऱ्या फळींतून आधीं आडव्या पट्ट्यांचीं टोंकें कापलीं, मागें एक ठोकळा लावून. नंतर सर्व पट्ट्यांच्या कडा कापल्या, म्हणजे टोंकाशीं उडालेल्या ढलप्यांच्या खुणा त्या कापांत निघून गेल्या. मधली फळी खांचेंत सुटी ठेवली. तिला सरस लावला असता, तर पावसाळ्यांत फुगतांना तिनें सांधे उघडले असते.

दार बसविलें त्या दिवशीं संध्याकाळीं दिवा लावून पाहिलें. काळी रेघ सहाव्या दारावरही पडली होती. आईनें शेजारच्या दाराच्या कडेवरून बोट फिरवीत तें नव्या कडेवर आणलें, व खालची बिजागरी कुरकुरते, तिला तेल घाल, म्हणून सांगितलें.