अठरा तासांची पाळी आणि न मोजलेली मजुरी

विमानाने पहिल्यांदा जाऊन आलेला माणूस घरी दोन गोष्टी हमखास सांगतो. खिडकीतून ढग कसे दिसले आणि जेवण काय मिळाले. जेवण देणाऱ्या मुलीबद्दल तो एवढेच सांगतो की ती हसून बोलत होती. आपल्याकडे तिला अजूनही ‘हवाई सुंदरी’ म्हणतात. हा शब्द कानाला बरा वाटतो, पण त्याने तिचे काम झाकले जाते. शिवाय या कामात आता मुलगेही आहेत. म्हणून या लेखात आम्ही ‘विमानसेवक’ हाच शब्द वापरणार आहोत.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. कारणे दोन आहेत. गिऱ्हाईक येण्यापूर्वी कामाची मांडणी कशी करावी, हे या धंद्यात स्पष्ट दिसते. आणि केलेल्या कामातले किती तास मजुरीत धरले जातात, हा आपल्या कारागिरांचा रोजचा प्रश्न याच धंद्यात सध्या ऐरणीवर आला आहे.

उदाहरणादाखल जगातील सर्वांत लांब विमानफेऱ्यांपैकी एक घेऊ. सिंगापूर एअरलाइन्सने ११ ऑक्टोबर २०१८ रोजी सिंगापूरहून न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला न थांबता जाणारे विमान सुरू केले. त्या पहिल्या फेरीला १७ तास ५२ मिनिटे लागली. विमानात १५० प्रवासी आणि १७ कर्मचारी होते. त्यांपैकी चार वैमानिक आणि बाकीचे तेरा विमानसेवक. २०२० पासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरही अशी फेरी जाते.

या फेरीचे विमान एअरबस ए ३५०-९०० यूएलआर जातीचे आहे. त्याच्या टाक्यांत १ लाख ६५ हजार लिटर इंधन मावते. एवढे वजन उचलायचे म्हणजे माणसे कमी घ्यावी लागतात. म्हणून त्यात जागा फक्त १६१ ठेवल्या आहेत : ६७ बिझनेस वर्गाच्या आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या. साधा वर्ग नाहीच. जागा कमी आणि खर्च जास्त, तेव्हा प्रत्येक जागेमागे जास्त पैसे देणारेच गिऱ्हाईक हवे. अशा गिऱ्हाइकाची अपेक्षाही तेवढीच मोठी. ती पुरी करण्याचा भार त्या तेरा जणांवर येतो.

दुकान उघडण्यापूर्वी

विमानसेवकाचा दिवस उड्डाणाच्या दीड-दोन तास आधी सुरू होतो. प्रथम सर्वांची बैठक होते. मुख्य सेवक कामाची वाटणी करतो : कोणाच्या ताब्यात कोणता दरवाजा, कोणाकडे कोणत्या रांगा, कोण कधी विश्रांती घेणार. बैठकीत सुरक्षेचे प्रश्नही विचारतात. धूर दिसला तर प्रथम काय कराल, प्रवासी बेशुद्ध पडला तर काय कराल. उत्तर तोंडपाठ हवे.

विमानात शिरल्यावर प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या जागेची तपासणी करतो. आग विझवण्याची नळकांडी, प्राणवायूच्या बाटल्या, प्रथमोपचाराची पेटी, जीवरक्षक जाकिटे, दरवाजे. वस्तू जागेवर आहे का, भरलेली आहे का आणि मुदत संपलेली नाही ना, हे पाहिले जाते. मग जेवणाची मोजणी. चाळीस हजार फुटांवर एक ताट कमी पडले, तर ते आणायला कोपऱ्यावर दुकान नसते.

प्रवासी बसले आणि दरवाजे बंद झाले की एक महत्त्वाचे काम उरते. प्रत्येक दरवाजात हवेने फुगणारी घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते. दरवाजा बंद झाल्यावर ती जोडून ठेवतात, म्हणजे संकटात दार उघडताच ती फुगते आणि लोक तिच्यावरून खाली उतरतात. मुक्कामाला पोचल्यावर दार उघडण्याआधी ती सोडवावी लागते. विसरले तर ती उगाच फुगते, माणूस जखमी होऊ शकतो आणि हजारो डॉलरचा खर्च पडतो. म्हणून एकाने केलेले काम समोरच्या दरवाजाचा माणूस आपल्या डोळ्यांनी पाहून खात्री करतो. यात अविश्वास कोणी मानत नाही. गल्ला दोघांनी मोजावा, ही आपल्या जुन्या दुकानदारांची रीत याच जातीची आहे. दुर्दैवाने घरच्या धंद्यात ‘भाऊच तर आहे’ म्हणून आपण ती सोडून देतो आणि पुढे भावाभावांत वाद होतात.

जेवणाचा हिशेब

विमानात स्वयंपाक होत नाही. अन्न जमिनीवरच्या स्वयंपाकघरात शिजवून झटपट थंड करतात आणि थंडच विमानात चढवतात. वर फक्त भट्टीत गरम करायचे. हवा कोरडी आणि दाब कमी असल्यामुळे विमानात माणसाला मीठ आणि गोडाची चव कमी लागते. म्हणून जमिनीवर जो पदार्थ बेताचा लागतो तो वर फिका लागतो, आणि आचाऱ्याला हे धरूनच मसाला घालावा लागतो. आपल्या जिभेला बरे वाटते म्हणजे गिऱ्हाइकाला बरे वाटेलच असे नाही, हे खाद्यपदार्थांच्या धंद्यातील बांधवांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खास जेवणाची मागणी चार अक्षरी खुणेने नोंदवतात. मुस्लिम प्रवाशांच्या हलाल जेवणाची खूण ‘एमओएमएल’, जैन जेवणाची ‘व्हीजेएमएल’, यहुदी पद्धतीच्या कोशर जेवणाची ‘केएसएमएल’. ही मागणी सामान्यतः उड्डाणाच्या निदान २४ तास आधी द्यावी लागते. अशी जेवणे यादीतल्या आसनक्रमांकानुसार सर्वांच्या आधी वाढतात. अनेकदा आपला माणूस विमानात बसल्यावर हलाल जेवण मागतो आणि नाही म्हटल्यावर रागावतो. दोष सेवकाचा नसतो. तिकीट काढतानाच एजंटाला ही खूण घालायला सांगावी आणि नोंद झाली की नाही हे स्वतः पाहावे. बसल्यावर आसन बदलले तर सेवकाला लगेच सांगावे, नाहीतर तुमचे ताट दुसऱ्याच्या पुढे जाईल.

रमजानमध्ये या कामात आणखी एक बारकावा येतो. उंचावर सूर्य जमिनीपेक्षा उशिरा मावळताना दिसतो, आणि पश्चिमेला जाणाऱ्या विमानात दिवस लांबतच जातो. म्हणून एमिरेट्ससारखी कंपनी विमानाचे स्थान आणि उंची धरून इफ्तारची वेळ काढते. ती वेळ झाली की वैमानिक घोषणा करतो आणि सेवक इफ्तारचे डबे देतात.

जेवणाच्या गाड्या ढकलणे हेही अंगमेहनतीचे काम आहे. सरळ उडतानासुद्धा विमानाचे नाक थोडे वर असते. त्यामुळे मागून पुढे जाणारी भरलेली गाडी चढावावरूनच ढकलावी लागते. कंबर आणि खांदे दुखणे हे या धंद्याचे नेहमीचे दुखणे आहे.

दिवे मालवल्यावर

जेवण झाले की दिवे मंद होतात. प्रवासी झोपतो, सेवकाचे काम चालूच असते. ठरलेल्या वेळाने रांगांतून फिरून पाणी द्यायचे, संडासात डोकावून धूर नाही ना आणि आत कोणी पडलेले नाही ना ते पाहायचे, आजारी माणसावर नजर ठेवायची. कोणाच्या छातीत दुखू लागले तर प्राणवायू द्यायचा, प्रवाशांत डॉक्टर आहे का विचारायचे, आणि वैमानिकामार्फत जमिनीवरच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. जगातली पहिली विमानसेविका एलेन चर्च हिने १५ मे १९३० रोजी अमेरिकेत काम सुरू केले, तेव्हा ती प्रशिक्षित परिचारिका होती. या धंद्याचा पाया सेवाशुश्रूषेचा आहे, हे त्यावरून कळते.

आजकाल नवी धास्ती लिथियम बॅटरीची आहे. मोबाईलची जादा बॅटरी किंवा पॉवर बँक तापून पेटू शकते. पेटली तर ज्वाळा विझवून बॅटरी पाण्याने थंड करत राहावी लागते, नाहीतर ती पुन्हा भडकते. म्हणून या वस्तू खालच्या सामानात टाकायला मनाई आहे. मालाचे नमुने घेऊन परदेशी जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी पेटी भरताना एवढे जरूर पाहावे.

अठरा तास कोणी उभा राहू शकत नाही. विमानाच्या मागच्या भागात छताच्या वर छोट्या पलंगांची जागा असते. साधारणपणे दोन तुकड्या करून पाळीपाळीने तिथे झोपतात. उतरण्यापूर्वी पुन्हा जेवण, पुन्हा आवराआवर, पट्ट्यांची तपासणी आणि दरवाजाजवळ आपल्या जागी बसणे. कामावर हजर झाल्यापासून धरले तर हा दिवस २० तासांच्या वर जातो.

हसण्यामागचे खरे काम

कायद्याने विमानसेवक ठेवायला लावतात ते जेवण वाढण्यासाठी नव्हे. सामान्य नियम ५० आसनांमागे निदान एक सेवक असा आहे, आणि तो सुरक्षेसाठी आहे. मोठ्या विमानाला परवानगी देताना अर्धेच दरवाजे वापरून सर्व माणसे ९० सेकंदांत बाहेर निघू शकतात हे दाखवावे लागते.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे उतरणारे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक दलाच्या विमानातील पाच जण दगावले. पण प्रवासी विमानातील ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी, असे सर्वच्या सर्व ३७९ जण जिवंत बाहेर आले. आतील ध्वनियंत्रणा बंद पडली होती. सेवकांनी हातातल्या भोंग्यांवरून आणि घशाच्या आवाजाने लोकांना आवरले. आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले. कोणते दार उघडायचे नाही, हे ओळखणे हेच तेव्हा सर्वांत मोठे काम होते.

५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीत अतिरेक्यांनी ताब्यात घेतले. तेव्हा मुख्य सेविका नीरजा भनोत हिने वैमानिकांना सावध केले, अमेरिकी प्रवाशांचे पासपोर्ट लपवायला लावले आणि शेवटी प्रवाशांना बाहेर काढताना प्राण दिले. तिला तेवीस वर्षे पुरी व्हायला दोन दिवस बाकी होते. सरकारने तिला मरणोत्तर अशोकचक्र दिले.

तास कोणाच्या घड्याळाने मोजायचे?

एवढे जबाबदारीचे काम करणाऱ्यांना हक्कासाठी वरचेवर झगडावे लागले आहे. एअर इंडियात पहिल्या गरोदरपणाला सेविकेची नोकरी जाई. १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला.

आजचा झगडा तासांचा आहे. उत्तर अमेरिकेत जुनी पद्धत अशी, की सेवकाचा ताशी पगार दरवाजे बंद झाल्यावर विमान हलले की सुरू होतो. प्रवाशांना बसवणे आणि त्यांचे सामान लावणे हा दिवसातला सर्वांत धांदलीचा वेळ, पण तो ताशी पगारात धरत नसत. डेल्टा कंपनीने २०२२ च्या जूनपासून प्रवासी चढवण्याच्या वेळेचा निम्म्या दराने पगार सुरू केला. १६ ऑगस्ट २०२५ रोजी एअर कॅनडाचे दहा हजारांहून अधिक विमानसेवक संपावर गेले. जमिनीवरच्या कामाची मजुरी ही त्यांची एक मुख्य मागणी होती, आणि नंतरच्या समझोत्यात ती मजुरी देण्याचे कलम आले.

आता आपल्या गल्लीकडे पाहू. समजा, एक शिंपी कुडत्याची शिलाई ४५० रुपये घेतो. मशीनवर तीन तास लागतात, म्हणून ताशी १५० रुपये पडले असे तो समजतो. पण माप घेणे, अस्तर-बटणे आणायला बाजारात जाणे, इस्त्री करणे आणि एकदा उसवून परत शिवणे यात आणखी दोन तास जातात. म्हणजे तास पाच झाले आणि मजुरी ताशी ९० रुपये पडली. भाडे आणि विजेचा खर्च त्यातूनच जायचा. दुकान भरलेले असूनही महिनाअखेर हातात काही उरत नाही, अशी तक्रार आपण ऐकतो. त्या तक्रारीचे मूळ अनेकदा या दोन तासांत असते.

हाच हिशेब मालकालाही लागू आहे. कारखान्यात पोरगा नऊला येतो, झाडतो, माल मांडतो, धागा जोडतो, आणि त्याचे नग मोजले जातात ते काम सुरू झाल्यावरच. वीज गेली की तो बसून राहतो, तोही वेळ त्याच्याच अंगावर पडतो. मजुराची मजुरी वेळेवर द्यावी, हे आपणा सर्वांना पाठ आहे. ती किती वेळेची द्यावी, हे मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

आमची वाचकांना एक सूचना आहे. पुढचा एक आठवडा एक साधी वही ठेवा. कामाला हात लावल्यापासून हात धुईपर्यंतची वेळ लिहा, आणि त्यातील कशाचे पैसे मिळाले त्याच्यापुढे खूण करा. खूण नसलेले तास आठवड्याच्या शेवटी मोजा. कारागीर असाल तर पुढचा दर सांगताना ते तास धरा. मालक असाल तर हीच वही आपल्या माणसाच्या नावाने एकदा लिहून पाहा.