माहीमच्या खाडीवरील दोन तारखा

वांद्र्याहून माहीमला जावयास आज कांहीं मिनिटें पुरतात. परंतु एके काळीं ही खाडी ओलांडणारा मनुष्य दहा दिवस मागें जात असे. हें कसें, तें पाहूं.

ज्यूलियन पंचांगाचें वर्ष सौरवर्षाहून सुमारें 11 मिनिटांनीं मोठें होतें. ही चूक शतकानुशतकें साचत गेली. म्हणून 1582 मध्यें पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आज्ञेनें 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं 15 ऑक्टोबर मानण्यांत आला. पोर्तुगालनें ही सुधारणा लागलीच स्वीकारली; इंग्लंडनें ती 1752 मध्यें स्वीकारली. इकडे 1665 मध्यें मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यांत आलें. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं गांवें ज्यांत मोडतात, तें साष्टी बेट पोर्तुगीजांकडेच राहिलें. अर्थात् वांद्र्यास 25 डिसेंबरचा नाताळ साजरा होई, तेव्हां माहीमच्या इंग्रजी दप्तरांत 15 डिसेंबर लिहिला जाई. वार मात्र दोहींकडे एकच!

आतां संगणकाकडे वळूं. त्यांत ‘कॅल’ नांवाची एक छोटी आज्ञा असते. महिना व वर्ष टंकलें कीं त्या महिन्याचें कोष्टक पुढें येतें. 1752 चा सप्टेंबर मागून पाहा : 2 तारखेपुढें एकदम 14 दिसेल. इंग्लंडनें गाळलेले ते 11 दिवस होत. (1700 हें वर्ष जुन्या पंचांगांत लीप वर्ष होतें, नव्यांत नव्हतें, म्हणून दहाचे अकरा झाले.)

येथेंच सावध राहिलें पाहिजे. 1670 चा नाताळ ‘कॅल’ला विचारला, तर तें रविवार दाखवितें. मुंबईच्या इंग्रजांपुरतें तें खरें. पण वांद्र्यास तो नाताळ गुरुवारीं झाला. ‘एनकॅल’ या भावंड-आज्ञेस ‘वजा एस’ ही खूण व पुढें पोर्तुगालचीं ‘पीटी’ हीं अक्षरें दिलीं, म्हणजे बरोबर गुरुवार मिळतो. खूण न दिल्यास ती आज्ञा यंत्रांत नोंदलेल्या देशावरून अंदाज बांधते, आणि तोही न जमल्यास 1752 धरून चालते. त्या काळीं या गांवांवर राज्य कोणाचें होतें, हें यंत्रास कसें कळावें?

पालकांनींही हें ध्यानांत ठेवावें. घरांतील जुनें दानपत्र किंवा बाप्तिस्म्याची नोंद वाचतांना तारखेआधीं एक प्रश्न विचारावा : हा कागद खाडीच्या कोणत्या तीरावर लिहिला गेला? यंत्र हिशेब अचूक करील. नियम निवडण्याचें काम मात्र आपलेंच आहे.